कमरेखालची भूल: स्पायनल आणि एपिड्युरल कशी देतात, आणि पेशंटनं काय करायचं

सिझर, हर्निया, मूळव्याध, मोडलेला खुबा, गुडघ्याचं लिगामेंट. कोल्हापुरात यातलं कुठलंही ऑपरेशन ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती भुलीची. सीपीआर या सरकारी दवाखान्याचा वॉर्ड असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, "पाठीत इंजेक्शन घेतलं की कंबर कायमची धरते" हे कुणीतरी पेशंटच्या कानावर घातलेलंच असतं. आत नेमकं काय करतात हे कळलं की ही भीती बरीच कमी होते. पेशंट, नातेवाईक आणि थिएटरमध्ये नव्यानं लागलेले सिस्टर-ब्रदर, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेतानं इथं लिहिलं आहे. सुई घालणं हे भूलतज्ज्ञाचंच काम. पण प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे बाकीच्यांना माहीत असलं, तर तेच काम जास्त सुरक्षित होतं.

पडद्याच्या अलीकडं आणि पलीकडं

"पाठीतलं इंजेक्शन" म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भुली दोन आहेत. दोन्हींत सुई मणक्यांच्या मधल्या फटीतूनच जाते. कातडी, चरबी, मणक्यांना बांधणारी दोन लिगामेंट्स, आणि मग लिगामेंटम फ्लेव्हम हा पिवळा, चिवट थर. तो ओलांडला की काही मिलिमीटरची एक जागा लागते. तिच्यात चरबी आणि बारीक शिरा असतात, तीच एपिड्युरल जागा. तिच्यापुढं ड्युरा हा पातळ पडदा आणि त्याला आतून लागून असलेलं अरॅक्नॉइड. त्याच्या आत मज्जातंतूंभोवती असलेलं नितळ पाणी, म्हणजे सीएसएफ.

औषध या पडद्याच्या पलीकडं, पाण्यात सोडलं की स्पायनल. अलीकडं ठेवलं की एपिड्युरल. पुढचा सगळा हिशोब यावरूनच ठरतो. पाण्यात नसा उघड्याच असतात, त्यामुळं २ ते ३ मिली औषध पुरतं आणि पाच ते दहा मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो. एपिड्युरलमध्ये औषधाला नसांच्या आवरणांतून झिरपत जावं लागतं. म्हणून ऑपरेशनसाठी १५ ते २० मिली लागतं आणि वेळही १५ ते २० मिनिटं जातो. त्याच्या बदल्यात तिथं बारीक नळी ठेवता येते आणि औषध हवं तितका वेळ चालू ठेवता येतं. एपिड्युरलसाठी मोजलेलं २० मिली औषध चुकून पडद्याच्या पलीकडं गेलं तर मात्र जिवावर बेततं. एपिड्युरलमधली निम्मी काळजी ही चूक टाळण्यासाठीच घेतली जाते.

"मज्जारज्जूला सुई लागली तर?" हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण पहिल्या कंबर-मणक्याच्या, म्हणजे एल-१ च्या खालच्या कडेला संपतो, काहींच्यात एल-२ पर्यंत येतो. सुई घालायची ती एल-३ आणि एल-४ मध्ये किंवा एल-४ आणि एल-५ मध्ये. तिथं फक्त नसांचे सुटे धागे पाण्यात असतात आणि सुई आली की ते बहुधा बाजूला सरकतात. जागा शोधायला दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा बोटांनी चाचपतात. त्यांना जोडणारी रेघ एल-४ च्या आसपास मणक्याला ओलांडते. मात्र बोटांचा अंदाज बऱ्याचदा एका फटीनं चुकतो आणि खरी जागा वाटते त्यापेक्षा वर निघते. म्हणून शंका आली की एक फट खाली यायचं, वर कधीच जायचं नाही. जाड पेशंटमध्ये सोनोग्राफीनं जागा आखून घेतली तर हा घोळ राहत नाही.

औषध नसेतले सोडियमचे मार्ग बंद करतं, त्यामुळं संदेश पुढं जात नाही. पण सगळं एकदम बंद होत नाही. आधी रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा, मग गरम-थंड आणि दुखणं, त्यानंतर स्पर्श, आणि शेवटी हालचाल. म्हणूनच सिझर चालू असताना ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, पण दुखत नाही. हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरून "मला सगळं कळतंय" म्हणून ओरडते. ऑपरेशनच्या आधी दोन मिनिटं काढून हे सांगितलंच पाहिजे.

आदल्या दिवशी

शुद्ध जाणार नाही, मग उपाशी कशाला? भूल पुरेशी चढली नाही किंवा मध्येच काही बिघडलं, तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तेव्हा पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून. पोळी-भातासारख्या हलक्या जेवणानंतर ६ तास. मटण, तांबडा-पांढरा रस्सा, कट असलेली मिसळ असं तेलकट खाल्लं असेल तर ८ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दूध मात्र पाण्यात मोजायचं नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध असो की दुधाचा अर्धा कप चहा, त्याला ६ तासच. "नुसता चहाच घेतलाय" असं सकाळी कळलं की ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो. त्या दिवशी मिश्री लावायची नाही, तंबाखूचा बारही नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल काही लपवू नका. एपिड्युरल जागेत शिरांचं जाळं असतं. रक्त गोठत नसेल तर तिथं गाठ साचते आणि नसा दाबल्या जातात. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. वॉरफरिन ५ दिवस आधी, आणि नंतर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तपासून. एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा छोटा डोस घेतल्यावर १२ तास थांबावं लागतं, उपचाराचा मोठा डोस असेल तर २४ तास. नुसती अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसानं यातली कुठलीच गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. तो निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा. "लाल गोळी, सकाळची" यावरून काहीच ठरवता येत नाही.

टोचायच्या जागी गळू किंवा पिकलेली जखम असेल, प्लेटलेट फार कमी असतील, डोक्यातला दाब वाढलेला असेल, हृदयाची महाधमनीची झडप फार आकसलेली असेल, किंवा खूप रक्त गेलेलं असेल, तर ही भूल बहुधा टाळतात. आणि पेशंट समजून-उमजून नको म्हणत असेल तर प्रश्नच मिटला.

सुईच्या आधी

अर्धीच भूल म्हणून अर्धीच तयारी, असं चालत नाही. हातात जाड सलाईनची सुई, शक्यतो १८ गेजची (गेजचा आकडा जितका लहान, तितकी सुई जाड). बीपी, ईसीजी आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. त्यासाठी नेलपॉलिश आधीच पुसलेलं हवं. ऑक्सिजन, सक्शन आणि श्वासनलिकेत घालायची नळी हाताशी हवी. बीपी वाढवणारं मेफेंटरमीन किंवा फिनाइलेफ्रिन आणि नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून ठेवलेलं हवं. सलाईनचा जोर औषध देताना सुरू करतात, साधारण १० ते १५ मिली दर किलोला. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी.

खुबा मोडून दोन दिवस घरीच पडून असलेले आजोबा, लघवीला उठवत नाही म्हणून पाणीसुद्धा न पिणारे, आतून कोरडे पडलेले असतात. ऊसतोडीच्या फडावरून थेट सिझरला आलेली, रक्त कमी असलेली बाईही तशीच. अशांचं बीपी स्पायनलनंतर झपकन खाली येतं. आधी पाणी भरून काढायचं, सुई नंतर.

टोपी, मास्क, निर्जंतुक हातमोजे. पाठ पुसायला अल्कोहोलमधलं ०.५ टक्के क्लोरहेक्सिडिन. ते पूर्ण वाळू द्यायचं, आणि त्याची वाटी औषधाच्या ट्रेमध्ये ठेवायची नाही. क्लोरहेक्सिडिन नसांपर्यंत पोचलं तर कायमची इजा होऊ शकते.

आता अँप्युल. थिएटरमधल्या सगळ्यांनी यावर हट्ट धरावा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव थांबवायचं औषध बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधासारख्याच दिसणाऱ्या अँप्युलमध्ये येतं, आणि ते चुकून पाठीत गेल्यामुळं झटके येऊन पेशंट दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत, आपल्या देशातही. उपाय साधा आहे. दोन्ही औषधं एका खणात ठेवायची नाहीत. अँप्युल फोडण्याआधी नाव, टक्केवारी आणि मुदत मोठ्यानं वाचायची, आणि दुसऱ्या माणसानं ती स्वतः बघून "बरोबर" म्हणायचं.

पाठ कशी काढायची

इथं पेशंटचं काम सुरू होतं. टेबलच्या कडेला बसायचं, पाय स्टुलावर, उशी पोटाशी कवटाळायची, हनुवटी छातीला, खांदे सैल, आणि कंबर मागं ढकलायची. मांजर अंग मोडताना जशी पाठ फुगवतं, तशी. बहुतेक जण नुसतेच पुढं वाकतात आणि कंबर ताठच राहते. "मावशी, वाकू नका, माझ्या बोटावर पाठ ढकला" असं म्हणत कंबरेवर बोट ठेवलं की लगेच जमतं. सिस्टरनं समोर उभं राहून खांदे धरायचे. बसवत नसेल तर कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे.

तालमीतल्या पैलवानांचे स्नायू इतके जाड असतात की मणक्याचं टोक बोटाला लागतच नाही. तिथं घाई न करता मधली रेघ नीट शोधावी, लागलं तर लांब सुई घ्यावी. खुबा मोडलेल्या आजींना तसंच ओढून बसवणं म्हणजे छळ आहे. आधी जांघेत नस बधिर करायचं इंजेक्शन द्यावं, पंधरा-वीस मिनिटं थांबावं, मग बसवावं.

पाठीत सुई असताना हलायचं नाही. खोकला, शिंक, कळ, काहीही येणार असेल तर तोंडानं सांगायचं: "थांबा, कळ येतीय." पायात करंट मारल्यासारखं झालं तर कुठल्या पायात तेही सांगायचं.

स्पायनल

आधी कातडीत बारीक सुईनं १ ते २ मिली लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध. हेच काय ते टोचल्याचं दुखणं. मग २५, २६ किंवा २७ गेजची स्पायनल सुई. बारीक असल्यानं ती वाकते, म्हणून आधी आखूड, जाड इंट्रोड्यूसर घालून त्यातून नेतात. टोकाचे दोन प्रकार असतात. क्विंकी सुई कापत जाते, व्हिटॅकर सुई पेन्सिलीच्या टोकाची असते आणि धागे बाजूला सारते. दुसरीनं नंतरची डोकेदुखी स्पष्टपणे कमी होते. बाळंतिणींसाठी तीच वापरावी, थोडी महाग पडली तरी. क्विंकीच असेल तर टोकाचा उतार कुशीकडं ठेवायचा, म्हणजे ड्युराचे उभे धागे कमी कापले जातात.

सुई सावकाश आत. लिगामेंटचा चिवटपणा हाताला कळतो, मग हलकासा "टक्" जाणवतो. आतली तार काढली की नितळ पाण्याचा थेंब यायला हवा. वरच हाड लागलं तर ते मणक्याचं टोक, खोलवर लागलं तर मणक्याची कमान. दोन्ही वेळा सुई कातडीपर्यंत मागं घेऊन दिशा थोडी वर करायची. आतच वाकवून दिशा बदलता येत नाही. म्हाताऱ्या माणसांत मधले लिगामेंट चुन्यासारखे कडक झालेले असतात. अशा वेळी मधल्या रेघेपासून १ ते १.५ सेंटिमीटर बाजूनं जाणं शहाणपणाचं. रक्त आलं तर ते नितळ होईपर्यंत थांबायचं, झालं नाही तर जागा बदलायची. करंट मारला तर थांबायचं, सुई थोडी मागं घ्यायची, आणि तो चालू असेपर्यंत औषध मुळीच सोडायचं नाही.

औषध बहुधा ०.५ टक्के हेवी बुपिव्हाकेन. दर मिलीत ५ मिलिग्रॅम औषध आणि ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज. साखरेमुळं ते सीएसएफपेक्षा जड होतं आणि खालच्या बाजूला वाहतं, म्हणून टेबल कलवून भूल कुठवर चढवायची हे ठरवता येतं. सिझरला साधारण १.८ ते २.२ मिली, पायाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला २.५ ते ३ मिली. मूळव्याधीला १ ते १.५ मिली देऊन पाचेक मिनिटं बसवूनच ठेवलं की बैठकीपुरतीच बधिरता येते. गरोदरपणात औषध जास्त वर चढतं, म्हणून डोस कमी. जोडीला १० ते २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक घातलं तर भूल अधिक भक्कम होते, पण अंगाला खाज सुटू शकते.

मग लगेच पाठीवर झोपवायचं. गरोदर बाई असेल तर उजव्या कमरेखाली उशी किंवा टेबल १५ अंश डावीकडं, म्हणजे गर्भाशयाचं ओझं मोठ्या शिरेवर पडत नाही. स्पिरिटचा बोळा लावून थंड कुठवर लागत नाही ते बघतात. छातीच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसांच्या क्रमांकानं ही पातळी सांगतात: बेंबीपाशी टी-१०, स्तनाग्रांच्या रेघेत टी-४. सिझरला टी-४ पर्यंत हवंच. बेंबीपाशीच थांबलं असेल तर चाकू लावायचा नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं बीपी दर एक-दोन मिनिटांनी.

एपिड्युरल

सुई जाड, १६ किंवा १८ गेजची, टोकाला बाक असलेली टुओही. तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण असते. सुई लिगामेंटमध्ये रुतली की तार काढून सलाईन भरलेली सैल सिरिंज जोडतात. डाव्या हाताची मागची बाजू पाठीला टेकवून सुई घट्ट धरायची आणि उजव्या अंगठ्यानं सिरिंज दाबत मिलिमीटर-मिलिमीटर पुढं जायचं. लिगामेंटम फ्लेव्हममध्ये सिरिंज दबतच नाही. तो ओलांडताक्षणी अडथळा एकदम नाहीसा होतो आणि सलाईन सरकन आत जातं. तिथंच थांबायचं. ही खोली बहुतेकांत कातडीपासून ४ ते ६ सेंटिमीटर असते.

आता नळी. जागेत ४ ते ५ सेंटिमीटर राहील एवढीच. समजा जागा ५ सेंटिमीटरवर लागली, तर कातडीपाशी १० ची खूण दिसली पाहिजे, आणि हा आकडा केसपेपरवर लिहायचा. पुढं जात नाही म्हणून नळी सुईतून मागं ओढायची नाही. सुईच्या कडेनं ती तुटून आत राहते. सुई आणि नळी एकत्रच बाहेर काढायची.

मग चाचणी डोस: अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं १.५ टक्के लिग्नोकेन, ३ मिली. यात १५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनॅलिन असतं. नळी शिरेत असेल तर मिनिटभरात नाडी वीसेकनं वाढते. पाण्यात असेल तर तीन ते पाच मिनिटांत पाय जड पडतात. दोन्ही झालं नाही तरच पुढचं औषध, तेही ५-५ मिलीच्या हप्त्यांनी आणि प्रत्येक वेळी सिरिंज मागं ओढून बघून. बाळंतपणात कळा चालू असताना नाडी तशीही वाढते, म्हणून चाचणी दोन कळांच्या मध्ये करायची.

बाळंतपणाच्या कळांसाठी औषध फार पातळ असतं, ०.१ टक्के बुपिव्हाकेन आणि दर मिलीत २ मायक्रोग्रॅम फेंटानिल. सुरुवातीला १० मिलीच्या आसपास, मग पंपानं ताशी ८ ते १२ मिली. दुखणं जातं, पाय हलतात. यामुळं सिझरची शक्यता वाढत नाही. शेवटचा टप्पा थोडा लांबू शकतो. अचानक सिझर करावं लागलंच तर त्याच नळीतून अ‍ॅड्रेनॅलिनसह २ टक्के लिग्नोकेन हप्त्याहप्त्यानं १५ ते २० मिली द्यायचं, पुन्हा टोचावं लागत नाही.

बिघडतं कुठं

सगळ्यात नेहमीचं म्हणजे बीपी उतरणं. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत साठतं. यंत्रावर आकडा दिसायच्या आधी पेशंट म्हणतो, "मळमळतंय", "कसंतरीच होतंय". उलटीचं औषध शोधत बसू नका, बीपी बघा. फिनाइलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा मेफेंटरमीन ३ ते ६ मिलिग्रॅम दिलं की मळमळही जाते. नाडी फार मंदावली तर अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम.

"श्वास येत नाही" असं पेशंट म्हणाला तर बोटं घट्ट दाबायला सांगायचं. पकड पक्की, आवाज खणखणीत, तर छाती बधिर झाल्यामुळं तसं वाटतंय; धीर द्यायचा, ऑक्सिजन द्यायचा. पकड ढिली आणि आवाज पुटपुटल्यासारखा झाला, तर भूल फार वर चढली आहे. लगेच श्वास हातात घ्यायचा, म्हणजे तो आपण द्यायचा, बीपी सांभाळायचं. औषध उतरेपर्यंत हे नीट केलं तर पेशंट पूर्ण बरा होतो.

एपिड्युरलचं औषध शिरेत गेलं तर जिभेवर धातूची चव, ओठ बधिर, कानात आवाज, मग झटके. औषध थांबवायचं, ऑक्सिजन द्यायचा, झटके आवरायचे, आणि २० टक्के लिपिड इमल्शन (चरबीचं द्रावण) दर किलोला १.५ मिली, त्यामागोमाग त्याचंच ड्रिप. त्याची बाटली थिएटरमध्येच हवी, खालच्या मेडिकलमध्ये नको.

कधी भूल चढतच नाही, किंवा एकाच बाजूला चढते. स्पायनलला १५ ते २० मिनिटं द्यायची आणि मग ठरवायचं. एपिड्युरल एकांगी झाली असेल तर नळी सेंटिमीटरभर मागं घेऊन बघायचं. दुखत असताना पेशंटला "सोसा थोडं" म्हणणं चूक आहे. पूर्ण भूल द्यावी.

वॉर्डात आणि घरी गेल्यावर

पाय दोन ते चार तासांत हलू लागतात. लघवीची जाणीव उशिरा येते. सहा तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरला सांगा. पहिल्यांदा उठताना एकट्यानं उठू नका. पाय आल्यासारखे वाटतात आणि गुडघा दगा देतो.

उशी घेतल्यामुळं डोकं दुखतं असं नाही, आणि चोवीस तास सपाट पडून राहिल्यानं ते टळतही नाही. सुईच्या छिद्रातून सीएसएफ झिरपल्यामुळं हे दुखणं येतं, बहुधा पहिल्या तीन दिवसांत. बसलं-उठलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. पाणी, पॅरासिटामॉल, चहा-कॉफी यांवर बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत जातं. टुओही सुईनं चुकून पडदा फुटला असेल तर निम्म्याहून जास्त जणांना हा त्रास होतो, आणि जोरात होतो. मग पेशंटचंच १५ ते २० मिली रक्त काढून एपिड्युरल जागेत सोडतात. ते छिद्र बुजवतं आणि आराम बहुधा त्याच दिवशी पडतो. आडवं होऊनही न थांबणारं डोकं, ताप, धूसर दिसणं, झटके, गुंगी ही वेगळ्या आजाराची लक्षणं आहेत. बाळंतिणीच्या बाबतीत तर तासाभराचाही उशीर नको.

कंबर कायमची धरते का? टोचल्या जागी चार-आठ दिवस ठणकतं. बाळंतपणानंतरची जुनाट कंबरदुखी मात्र एपिड्युरल घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत सारखीच आढळते. तिचं कारण गरोदरपणात ताणलेले सांधे, कमजोर पोट आणि वाकून बाळाला पाजणं, यांत शोधावं.

खरी धोक्याची खूण वेगळीच आहे. आलेले पाय पुन्हा बधिर होणं, ताकद जाणं, लघवी-संडासचा ताबा सुटणं, पाठीत वाढत जाणारी जोरदार कळ, किंवा काही दिवसांनी पाठदुखीबरोबर ताप. हे फार क्वचित होतं, पण आत रक्ताची गाठ असेल तर पहिल्या आठ तासांत ती काढली तरच पाय परत येण्याची चांगली आशा असते. गगनबावडा, चंदगड, आजऱ्याकडच्या पेशंटनं सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही. रात्रीच १०८ ला फोन करायचा, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवायचं, आणि जिथं एमआरआय आणि मणक्याचे सर्जन आहेत अशाच दवाखान्यात थेट यायचं. पिशवीत डिस्चार्ज कार्ड हवं; भूल कधी, कुठल्या फटीत आणि कुठल्या औषधानं दिली हे त्यावर लिहिलेलं नसेल तर घरी जातानाच लिहून मागा.